मगदूम सरांचा शेक

"मॅडम, आज तुमच्याकडं आलोय," मगदूम सर माझ्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणाले, आणि मला जो आनंद झाला त्याची आज सोळा वर्षांनीही लाज वाटते.

पेशंट दारात आला की बरं वाटतंच, त्यात काही गैर नाही. पण मला बरं वाटलं ते सर आले म्हणून नव्हे. ते पलीकडच्या खोलीत गेले नाहीत म्हणून.

पलीकडच्या खोलीत ऋता आवटी बसायची. मिरजेतल्या आमच्या ट्रस्टच्या फिजिओथेरपी केंद्रात मी तेव्हा एकोणीस वर्षं काम करत होते. भिंतीला पहिला खिळा ठोकला तेव्हापासून मी तिथे होते. मधल्या दाराने जोडलेल्या दोन खोल्या, चार कॉट, विजेच्या लहरींनी शेक देणारं एक मशीन आणि बाहेर पेशंटांचं बाकडं. त्या बाकड्यावरचा प्रत्येक माणूस "कुंभोजकर मॅडम आहेत का?" असं विचारायचा. मग बेंगळुरूहून मोठी पदवी घेऊन ऋता आली. अठ्ठावीस वर्षांची, बारीक आवाजाची, कुणावर न चिडणारी. वर्षभरात बाकड्यावरची माणसं "ऋता मॅडम आल्या का?" असं विचारायला लागली. माझ्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं मी कुणाला दाखवू शकत नव्हते.

ती बोलायला आली की मी कामात असायचे. काम नसलं तर काढायचे. म्हणून तिने चिठ्ठ्या सुरू केल्या. अमुक पेशंटचा खांदा आता इतका वर जातो, तमुक आजींना नवी गोळी सुरू झाली आहे, असं काहीबाही लिहून, घडी घालून ती माझ्या टेबलावर ठेवायची. पहिल्या दोन वाचल्या. दोन्हींत मला माहीत नसलेलं काहीतरी होतं. त्यानंतरच्या मी न उघडताच खालच्या खणात टाकत गेले.

बाकीच्यांचं मी सहन केलं असतं. पण मगदूम सर माझे होते.

सर सांगलीच्या एका शाळेत तीस वर्षं ड्रिल मास्तर होते. निवृत्त झाले आणि दोन-तीन वर्षांत कंपवाताने धरलं. उजवा हात सारखा थरथरायचा, आणि चालता चालता मध्येच पाय जमिनीला चिकटायचे. दारात तर हमखास. पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या खोलीच्या उंबऱ्यात असेच अडकले. मागे त्यांच्या बायकोच्या, शकुंतला वहिनींच्या डोळ्यांत पाणी, आणि सर घामाघूम. मला काय सुचलं कोण जाणे, मी शाळेत कवायतीला ऐकलेल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "सर, आगे बढ!" आणि पाय उचलला गेला. डावा, उजवा, डावा. खोलीच्या मध्यावर येऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आता थम म्हणा, न्हाईतर भिंतीवर आदळतोय."

हे मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नव्हतं. चार वर्षं मी त्यांना हुकूम दिले आणि ते पाळत गेले. गुडघे दुखले की शेक दिला. मिरजेत हॉस्पिटलं गल्लोगल्ली आहेत, पण सर माझ्याकडे येत.

मग माझ्या मुलीचं बाळंतपण आलं आणि मी चार महिने नागपूरला गेले.

परत आले त्या सकाळी खिडकीतून पाहिलं तर सर फाटकातून आत येत होते. कुणाचा हात न धरता. ताठ. हात अंगाशी शांत. फाटकात अडकले नाहीत, पायरीवर नाहीत, दारात नाहीत. शेजारून ऋता चालत होती आणि ती एक अक्षर बोलत नव्हती. ना एक-दोन, ना आगे बढ. बाकड्यावरची एक बाई म्हणाली, ऋता मॅडमच्या हाताला गुण आहे बघा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मधल्या काळात सरांचं मुंबईला ऑपरेशन झालं, एवढं कानावर आलं होतं. कसलं, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर ऋताने सांगितलं असतं आणि मला ते ऐकून घ्यावं लागलं असतं. त्या वयात पुरुषांची जी ऑपरेशनं होतात त्यातलंच एखादं असेल, अशी मी माझी समजूत घातली. हात थांबला तो नव्या गोळ्यांनी. श्रेय मात्र त्या पोरीला.

पहिल्या आठवड्यात सर एकदा मुद्दाम माझ्या टेबलापाशी आले. थोडा वेळ नुसते उभे राहिले, शाळेतला मुलगा वही तपासायला देऊन उभा राहतो तसे. मग म्हणाले, "मॅडम, काही बोलला न्हाईसा." कशाबद्दल, मी विचारलं. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि काही नाही म्हणाले. मला वाटलं, तिचं कौतुक माझ्या तोंडून काढून घ्यायला आलेत. तिकडे तुमचं छान चाललंय की, असं म्हणून मी फाईल उघडली. त्यानंतर ते माझ्याकडे आले नाहीत.

म्हणून जानेवारीतल्या त्या सकाळी ते दारात दिसल्यावर मला लॉटरी लागल्यासारखं झालं. ऋता एका शाळेत शिबिराला गेली होती, अकराला येणार होती. थंडीने सरांचे गुडघे आखडले होते. मी त्यांना कॉटवर बसवलं. म्हटलं, काय करायचं, व्यायाम?

"शेक द्या," ते म्हणाले. "ऋता मॅडम देत न्हाईत. तुम्हाला चालत न्हाई म्हणतात. पण तुम्ही थोरल्या. तुम्हाला सगळं माहीतच हाय. तुम्ही देत असला तर घेतो."

हे ऐकून मी सुखावले. ऋता शेकाच्या विरुद्ध होती हे सगळ्यांना माहीत होतं. ट्रस्टच्या बैठकीत ती म्हणाली होती की आपण मशीन फार वापरतो आणि पेशंटला हलवत कमी. ते मशीन मी भांडून घेतलेलं. तेव्हा 'चालत नाही' म्हणजे तिला चालत नाही, असंच मी धरलं. म्हटलं, बघू कोणाला चालत नाही ते.

आमच्या भिंतीवर पेंटरकडून रंगवून घेतलेली एक पाटी होती. मीच लावलेली. शेक घेण्यापूर्वी सांगा: अंगात धातू बसवला आहे का? हृदयाचं किंवा दुसरं यंत्र आहे का? दिवस गेले आहेत का? नवा पेशंट आला की मी हे प्रश्न स्वतः विचारायचे, तोंडाने, एकेक करून. एकोणीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. पण सर नवे नव्हते. त्यांची अलीकडची फाईल ऋताच्या कपाटात होती, आणि तिचं कपाट मी उघडणार नव्हते. मी माझ्या कपाटातून त्यांचं जुनं निळं कार्ड काढलं. त्यावर तिन्ही प्रश्नांपुढे माझ्याच हातची फुली होती. नाही, नाही, नाही. चार वर्षांपूर्वीच्या फुल्या.

मशीनचे दोन हात सरांच्या गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना आणले, मधे टॉवेल ठेवले, बटण दाबलं. मशीन जुनं होतं. आधी दोनेक मिनिटं आतल्या आत तापायचं, मग हिरवा दिवा लागायचा आणि मग मी नॉब फिरवायचा. तोवर खिसे रिकामे करायचे, हा माझा नियम. सरांना तो पाठ होता. मांडीवर स्टीलचा ट्रे घेऊन त्यांनी घड्याळ काढलं. किल्ल्या काढल्या. शाळेतली पितळी शिट्टी काढली, ती ते अजून खिशात बाळगायचे.

"आणि हे बंद करून ठेवू?" त्यांनी विचारलं.

मी वाकून टॉवेल सारखा करत होते. मोबाईल असणार. बंद करा आणि ठेवा, मी वर न बघता म्हणाले.

वर पाहिलं तेव्हा ते हातातली एक लहान डबी स्वेटरच्या आत, डाव्या खांद्याखाली छातीवर टेकवत होते. बारीकसा टिक् आवाज झाला. त्यांनी ती डबी ट्रेमध्ये ठेवली आणि ट्रे दोन्ही हातांनी धरून बसले. हिरवा दिवा लागला. मी नॉबवर हात ठेवला.

तेवढ्यात ट्रे वाजायला लागला.

आधी नुसती शिट्टी किणकिणली. मग किल्ल्या. मग सगळंच. सरांचा उजवा हात थरथरत होता, तसाच जसा चार वर्षं मी पाहिला होता, आणि नागपूरहून आल्यापासून एकदाही पाहिला नव्हता.

"सर, हे काय होतंय?"

"यंत्र बंद केलं की असंच व्हतंय. तुम्हीच न्हवं का म्हणाला, बंद करा."

"कसलं यंत्र?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी विसरलेले नाही. गृहपाठ केला म्हणून सांगणाऱ्या आणि न केलेल्या पोराकडे मास्तर पाहतो तसं, रागावून नव्हे, ओळखून. मग ते हळू म्हणाले, "डोक्यातलं."

मी नॉब सोडला आणि भिंतीतली पिन उपटून काढली. बटण बंद करायचंही भान राहिलं नाही.

कंपवाताची थरथर आवरायला मेंदूत दोन तारा घालून, मानेतून कातडीखालून खाली आणून छातीतल्या बॅटरीला जोडतात, आणि अशी डबी छातीवर टेकवून ते यंत्र चालू-बंद करतात, हे मी एका प्रशिक्षणात ऐकलं होतं. अशा माणसाला हा शेक अंगावर कुठेही द्यायचा नाही, हेही ऐकलं होतं. गुडघ्यालासुद्धा नाही, यंत्र बंद असलं तरी नाही. शेकाच्या लहरी त्या तारा पकडतात आणि तारेचं टोक तापतं. ते टोक मेंदूत असतं. मी वहीत लिहून घेतलं होतं, खाली रेघ मारली होती. मिरजेत असा पेशंट आपल्याला कशाला दिसेल, असं तेव्हा वाटलं होतं.

मशीनचे हात अजून गुडघ्यांपाशीच होते, आणि दारात शकुंतला वहिनी उभ्या होत्या. सरांना न्यायला आल्या होत्या. त्यांनी मशीन पाहिलं, गुडघे पाहिले, नवऱ्याचा हलणारा हात पाहिला आणि त्या दारालगतच्या बाकड्याच्या कडेवर बसल्या.

सुरू केलं नव्हतं वहिनी, मी म्हणाले.

त्यांनी पर्समधून प्लॅस्टिकच्या पाकिटातलं एक कार्ड काढलं. मुंबईच्या हॉस्पिटलात म्हणे एक सिस्टर होती. घरी सोडण्यापूर्वी तिने वहिनींकडून सगळं पाठ करून घेतलं होतं. विचारल्याशिवाय एमआरआय नाही. कुठलंही ऑपरेशन, अगदी दाताचं असलं तरी, आधी कार्ड दाखवायचं, कारण रक्त थांबवायला डॉक्टर विजेचा चटका देतात. आणि शेकाचं मशीन कधीच नाही. वहिनी हे सगळं मला म्हणून दाखवत होत्या, पाढे म्हणावेत तसं.

त्याच वेळी हातात हेल्मेट घेऊन ऋता आत आली. तिने एका नजरेत सगळं पाहिलं. हेल्मेट खाली टाकून ती सरांपाशी गेली, ट्रेमधली डबी उचलून त्यांच्या हातात दिली आणि आधी हे चालू करा म्हणाली. पुन्हा टिक् झालं. थोड्या वेळाने किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

मग वहिनी बोलल्या.

"तुला मी पहिल्याच दिवशी कार्ड दिलं व्हतं. मॅडम चार महिने न्हवत्या, त्यांना कसं कळणार? तू सांगितलं न्हाईस त्यांना?"

ऋताने माझ्याकडे पाहिलं. मला खालचा खण आठवला. त्या क्षणी मी फक्त तोंड उघडायचं होतं. सांगितलं असेल हो, मीच चिठ्ठ्या वाचत नाही. एवढी दोन वाक्यं. पण ती मी बोलले असते तर मगदूम सर कायमचे तिचे झाले असते, आणि माझी अब्रू बाकड्यावर येऊन बसली असती. मी गप्प राहिले.

"राहून गेलं काकू," ऋता म्हणाली. "चूक माझी."

सर काहीतरी म्हणायला गेले. ऋताने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते थांबले. वहिनी तिला खूप बोलल्या. ऋताने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. उद्यापासून हे कुंभोजकर मॅडमकडंच येतील, असं शेवटी वहिनींनी सांगून टाकलं. मॅडमनी वेळेवर बघितलं म्हणून आज निभावलं. जाताना त्यांनी माझे हात हातात घेतले. मी घेऊ दिले.

मला जे हवं होतं ते मला मिळालं होतं.

दुपारी केंद्र रिकामं झाल्यावर मी खालचा खण ओढला. अकरा चिठ्ठ्या होत्या. एक बाकीच्यांपेक्षा जाड होती. वर ऋताच्या अक्षरात लिहिलं होतं: मॅडम, ही मात्र जरूर वाचा. आत वहिनींच्या कार्डाची झेरॉक्स होती आणि एक रेघांचा कागद. त्यावरचं अक्षर ऋताचं नव्हतं. मोठं, गोल, फळ्यावर सुविचार लिहितात तसलं. वर तारीख होती, मी नागपूरहून परत आले त्या आठवड्याची.

कुंभोजकर मॅडम यांस सप्रेम नमस्कार. हे अक्षर माझे स्वतःचे आहे. सहा वर्षांनी सरळ आले. हात चालू झाला की पहिले पत्र तुम्हाला लिहायचे असे मुंबईतच ठरवले होते. माझ्या डोक्यात दोन तारा व छातीत यंत्र बसवले आहे. कार्डाची प्रत जोडली आहे, ती आपल्या कपाटात ठेवावी. आता तुमचा शेक मला या जन्मी मिळणार नाही असे डॉक्टर म्हणाले, त्याचे वाईट वाटले. पण आगे बढ म्हणायला कोणत्याही डॉक्टरची हरकत नाही, हे मी विचारून घेतले आहे. आता पाय अडकत नाहीत, तरी तुम्ही म्हणावे. अक्षर कसे वाटले ते कळवावे. आपला, बा. रा. मगदूम.

म्हणजे टेबलापाशी ते उभे राहिले होते ते यासाठी. आणि त्या सकाळी मी शेक द्यायला तयार झाले तेव्हा त्यांना वाटलं असणार, मॅडमनी पत्र वाचलंय, कार्ड पाहिलंय, तरी देतायत म्हणजे चालत असेल. माझ्यावरच्या विश्वासाने तो माणूस त्या मशीनमध्ये गुडघे घालून बसला होता. मी त्या रिकाम्या खोलीत रडले, हे सांगायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला सर आणि वहिनी आले. मधलं दार उघडं होतं. पलीकडे ऋता कॉटवरची चादर बदलत होती, बाकडं ऐकत होतं. मी उठले आणि पत्र वहिनींच्या हातात दिलं.

"हे ऋताने तेव्हाच माझ्या टेबलावर ठेवलं होतं. मी उघडलं नाही. तिचं काही राहून गेलं नव्हतं."

वहिनींनी चष्मा लावून पत्र वाचलं. तारीख दोनदा पाहिली. मग चष्मा काढून पदराने पुसला.

"काल तुम्ही गप बसला," त्या म्हणाल्या.

मी हो म्हणाले. मधल्या दारातून आत जाऊन त्यांनी ऋताच्या गालावरून हात फिरवला आणि सरांना हाक मारली, "चला. इकडं."

सर माझ्यासमोर उभे होते. मी म्हणाले, "सर, अक्षर फार सुंदर आलंय." उशिरा का होईना, मास्तरांना वहीवर शेरा मिळाला. ते लहान मुलासारखे हसले. मग वळले आणि पलीकडच्या खोलीकडे निघाले, ताठ, कुणाच्या आधाराशिवाय.

मधल्या दाराच्या उंबऱ्यात ते थांबले.

पाय अडकले की काय? यंत्र बंद पडलं? ऋताही चादर टाकून पुढे झाली. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. हात अंगाशी अगदी शांत होता. टाचा जुळलेल्या, खांदे मागे, मान सरळ. माझ्याकडे पाठ करून सर सावधान उभे होते.

माझं जळणं तेव्हाही थांबलं नव्हतं. समोर ऋता हात पुढे करून उभी होती, आणि पुढच्या पावलाला ते तिचे होणार होते. पण चार वर्षांत कधी निघाला नव्हता एवढा खणखणीत आवाज माझ्या गळ्यातून निघाला.

"सर, आगे बढ!"

आणि त्यांनी डावा पाय उचलला.